गाळणी आधी आपल्या दारात : किल्ल्याचा दरवाजा, आंग्र्यांचे दस्तक आणि स्विचमधील नियमयादी

१/ “किल्ल्याचा दरवाजा म्हणजे जगातील पहिली फायरवॉल.” या आशयाचे विधान इतिहासाच्या पानांवर वरचेवर दिसते आणि त्याखाली अभिमानाच्या प्रतिक्रियांची रांग लागते. हा धागा त्या विधानाविरुद्ध आहे. त्याच्या जुळ्या भावाविरुद्धही आहे : “स्विचमधले नियम ही निव्वळ तांत्रिक बाब. तिला ना इतिहास, ना राजकारण.” पहिले विधान इतिहासाला स्वस्त करते, दुसरे सत्तेला अदृश्य करते. धागा लांबणार आहे, तेव्हा सवडीने वाचावा.

२/ प्रथम दरवाजा. गोमुखी रचनेच्या दरवाजावरचा पहारेकरी माणसाचा चेहरा पाहतो, बोली ऐकतो, परवलीचा शब्द विचारतो, संशय आल्यास थांबवून ठेवतो आणि हवालदाराला वर्दी देतो. त्याला अपवाद करता येतो आणि त्या अपवादाचा जाबही द्यावा लागतो. पत्ता पाहून पॅकेट अडवणारा स्विच यांपैकी काहीही करीत नाही. तो आकडे जुळतात की नाही एवढेच पाहतो. या दोघांना एकच ठरवणे म्हणजे पहारेकऱ्याची बुद्धी नाकारणे आणि स्विचला नसलेली बुद्धी बहाल करणे.

३/ मग स्विचला नेमके दिसते काय? इंटरनेटवरील प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर दोन पत्ते असतात : कोठून निघाले आणि कोठे जायचे. सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयपी प्रमाणकानुसार हा पत्ता ३२ बिटांचा. आपण तो १९२.१६८.२०.४५ असा चार भागांत लिहितो. त्याच्या खालच्या थरात यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो. पत्त्यावर आधारित गाळणी या आकड्यांवर चालते. पाठवणारा कोण, त्याचा हेतू काय, मजकूर कोणता, यांतले काहीही त्या आकड्यांत नसते.

४/ नियमयादी वाचण्याची रीत ठरलेली आहे. जाणकार मंडळी तिला ‘एसीएल’ म्हणतात. पॅकेट आले की यादी वरून खाली वाचली जाते. जो नियम प्रथम जुळेल तो लागू होतो आणि वाचन तेथेच थांबते. खालचा नियम कितीही न्याय्य असला तरी त्याची सुनावणी होत नाही. बहुतेक स्विचवर यादीच्या तळाशी एक न लिहिलेला नियमही असतो : वर ज्याचा उल्लेख नाही, ते सारे नामंजूर. ज्याला ‘नाही’ म्हणायचे त्याचे नाव लिहावेच लागत नाही. ज्याला ‘हो’ म्हणायचे त्याचेच लिहावे लागते. दफ्तर वाचणाऱ्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल.

५/ आणखी एक खाच. सिस्को पद्धतीच्या यादीत पत्त्यांचा गट सांगताना ‘वाइल्डकार्ड’ लिहितात. त्यात ० म्हणजे ‘हा भाग जुळलाच पाहिजे’ आणि २५५ म्हणजे ‘या भागाकडे पाहू नकोस’. म्हणून १९२.१६८.२० ने सुरू होणारे सारे पत्ते सांगायचे असतील तर पुढे ०.०.०.२५५ लिहायचे. नवशिका सवयीने २५५.२५५.२५५.० लिहितो. मग पहिले तीन भाग दुर्लक्षिले जातात, शेवटी शून्य असलेलेच पत्ते जुळतात आणि खोलीतील एकही संगणक नियमात बसत नाही. स्विच चूक दाखवत नाही. त्याच्या दृष्टीने ती चूक नसतेच.

६/ हे सारे मला ग्रंथातून कळलेले नाही. बदलापूर पश्चिमेला, आमच्या हेंद्रेपाड्यात, एका अभ्यासिकेत मी बसत असे. वीस-पंचवीस मुले, एक राउटर, एक जुना पण नियम लिहिता येणारा स्विच. कोणीतरी रोज चित्रपट उतरवून घेत होते आणि बाकीच्यांचे व्हिडिओ अडकत होते. व्यवस्था पाहणाऱ्या दादाने पत्ता शोधला : शेवटचा आकडा ४५. त्याने एका ओळीची यादी लिहिली, ‘४५ ला मनाई’, आणि ती लावली. पुढच्या क्षणी अख्ख्या अभ्यासिकेचे इंटरनेट बंद. तळाचा अलिखित नियम कोणाच्या ध्यानात नव्हता.

७/ मग त्याने खाली ‘बाकी सर्वांना मुभा’ ही ओळ जोडली. इंटरनेट सुरू झाले आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. चित्रपटवाला मुलगा दोन दिवस फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी एका मुलीच्या लॅपटॉपवर काहीच उघडेना. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा तो अखेरचा दिवस होता. दोष तिच्या लॅपटॉपवर आला, मग तिच्या अज्ञानावर आला. ती रडकुंडीला येऊन स्टेशनजवळच्या सायबर कॅफेकडे धावली. नियमाची आठवण कोणालाच झाली नाही. मलाही नाही.

८/ घडले होते ते असे. अभ्यासिकेत पत्ते कायमचे दिलेले नव्हते. राउटर ते ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देत असे. मुदत संपली, ४५ मोकळा झाला आणि तो त्या मुलीला मिळाला. गुन्हेगार ३१ वर बसून चित्रपट पाहत होता. नियम मात्र आपल्या जागी निष्ठेने उभा होता. मॅक पत्ता पाहून अडवले असते तर? अँड्रॉइडने २०१९ पासून आणि आयफोनने २०२० पासून वायफायसाठी बनावट, यादृच्छिक मॅक पत्ता वापरण्याची सोय रूढ केली आहे. माणूस तोच राहतो, पत्ता बदलतो. पत्ता तोच राहतो, माणूस बदलतो.

९/ आता या गाळणीचा इतिहास, कारण तो आहे. १९८७ साली मोगल, रशीद आणि अॅक्सेटा या तिघांनी ‘पॅकेट फिल्टर’ या नावाचा निबंध सादर केला. त्यात फिल्टरचे काम पहाऱ्याचे नव्हतेच. कोणते पॅकेट कोणत्या प्रोग्रॅमच्या हाती द्यायचे याची ती वाटणी होती, टपाल कचेरीत पत्रे खणांत लावावीत तशी. दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, त्याच जेफ्री मोगल यांनी गेटवेवर पॅकेट अडवण्यासाठी नियमांची योजना मांडली. वाटणीचे साधन नाक्याचे साधन झाले. मध्ये घडले होते २ नोव्हेंबर १९८८.

१०/ त्या दिवशी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या ‘वर्म’ने तेव्हाच्या इंटरनेटवरील हजारो यंत्रे जेरीस आणली. याच मॉरिसने फेब्रुवारी १९८५ मध्ये एक छोटे टिपण लिहिले होते : पॅकेटवरचा ‘कोठून निघाले’ हा पत्ता पाठवणाराच लिहितो, तेव्हा तो खोटाही लिहिता येतो. जी यंत्रे केवळ पत्त्यावर भरवसा ठेवतात ती त्यामुळे फसू शकतात. पहाऱ्याची लाट आली ती या टिपणानंतर. म्हणजे पत्त्यावर विसंबणाऱ्या गाळणीचा पाया कच्चा आहे, हे गाळणी सर्वत्र बसण्यापूर्वीच ठाऊक होते.

११/ येथे मला कोकणच्या समुद्रावर जायचे आहे. किल्ल्याच्या दरवाजापेक्षा तेथे खरे साम्य सापडते. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सक्तीचा केला. तो नसलेले जहाज ते पकडत. त्या कागदावर तांडेल कोण, जहाज केवढे, शस्त्रे किती, जायचे कोठे आणि कोणता माल निषिद्ध, हे लिहिलेले असे. आजच्या स्विचमधील साध्या यादीपेक्षा तो कागद अधिक बोलका होता. साध्या यादीला केवळ ‘कोठून’ कळते. विस्तारित यादीला ‘कोठून, कोठे, कोणत्या प्रकारचे आणि कोणत्या पोर्टवर’ इतके कळते. तांडेलाचे नाव दोघींनाही कळत नाही.

१२/ पुढे मराठी आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांनी याच समुद्रावर आपले दस्तक चालवले. कोकणपट्टीवरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने आंग्र्यांचे दस्तक घ्यावे, एरवी जहाज जप्त होईल. इंग्रजी बखरकारांनी याला चाचेगिरी म्हटले. पोर्तुगीजांनी केले तर परवाना, आंग्र्यांनी केले तर लूट! हा दुटप्पीपणा आपण सर्वांनी वाचलेला आहे, त्यावर मी थांबत नाही. मला त्याच्या शेजारची, कमी वाचली जाणारी गोष्ट सांगायची आहे.

१३/ १७१३ साली कान्होजी आणि मुंबईचे इंग्रज गव्हर्नर एस्लाबी यांच्यात तह झाला. कान्होजींनी इंग्रजांच्या जहाजांना उपद्रव न देण्याचे मान्य केले. त्या बदल्यात इंग्रजांनीही एक वचन दिले : इंग्रज व्यापाऱ्यांच्या मालकीच्या जहाजांखेरीज कोणीही इंग्रजी निशाण लावणार नाही. पुन्हा वाचा. दोन्ही बाजूंना ठाऊक होते की समुद्रावर दुरून दिसते ते केवळ निशाण, आणि निशाण उसने घेता येते. म्हणून ज्याचे निशाण, त्यानेच त्याच्या खरेपणाची हमी द्यायची.

१४/ वाद पेटला तो याच कलमावर. इंग्रजांच्या परवान्याखाली आणि भाड्याच्या जहाजांतून हिंदी व्यापाऱ्यांचा माल जाऊ लागला. इंग्रज म्हणत, आमचा परवाना आहे, म्हणजे जहाज आमचे. कान्होजी म्हणत, मालक तुम्ही नाही, तेव्हा दस्तक हवेच. हा समुद्री डाकू आणि सभ्य व्यापारी यांच्यातला वाद नव्हता. बाहेर दिसणारी खूण आणि आतला खरा मालक यांतील अंतराचा तो वाद होता. तो तुटेपर्यंत ताणला गेला. नोव्हेंबर १७१८ मध्ये गव्हर्नर बून याने खांदेरीवर आरमार पाठवले आणि ते हात हलवत परतले.

१५/ आता १७१३ वरून थेट मे २००० वर. त्या महिन्यात फर्ग्युसन आणि सेनी यांनी लिहिलेला ‘आरएफसी २८२७’ प्रसिद्ध झाला. त्याची पहिली आवृत्ती जानेवारी १९९८ ची. त्याचा सारांश असा : प्रत्येक सेवादात्याने आपल्या ग्राहकांकडून येणारी पॅकेटे आपल्याच दारात तपासावीत. आपण दिलेल्या पत्त्यांखेरीज दुसराच पत्ता लावून निघालेले पॅकेट जगात सोडू नये. खोट्या पत्त्यांनी दुसऱ्याचा सर्व्हर बुडवणारे हल्ले थांबवण्याचा तोच मूलभूत उपाय मानला जातो. तहाचे ते कलम आणि हा दस्तऐवज शेजारी ठेवून पाहा.

१६/ कोणी म्हणेल, तुम्हीही तीच तुलना करता आहात, ‘पहिली फायरवॉल’वाल्यांसारखी. नाही. इतिहासातील तुलनेला एक कसोटी हवी : दोन्हीकडे अडचण तीच होती का? आंग्र्यांनी इंटरनेट शोधले असे मी म्हणत नाही. एस्लाबींचे नाव वाचून फर्ग्युसनांनी लेखणी उचलली असेही नाही. खूण आणि माणूस वेगळे असतात, ही अडचण मात्र दोन्हीकडे तंतोतंत एक आहे. गौरवाची तुलना करून आपल्याला टाळ्या मिळतात. अडचणीची तुलना केली तर काही शिकायला मिळते.

१७/ आणि शिकायचे ते हे : पत्त्याच्या गाळणीचा सर्वांत न्याय्य वापर स्वतःच्या दारात होतो. माझ्या घरातून माझ्या पत्त्याने खोटे बाहेर जाणार नाही, ही हमी मी देऊ शकतो, कारण पत्ते मीच वाटले आहेत. कोणता पत्ता कोणाकडे आहे हे मला ठाऊक आहे. परक्याच्या पत्त्याबद्दल ते मला ठाऊक नसते. तरीही जगभर गाळणीचा उत्साह दिसतो तो परक्यावर. स्वतःच्या दारातील गाळणी कष्टाची असते आणि तिचा लाभ दुसऱ्याला होतो, म्हणून ती मागे पडते.

१८/ परक्याच्या पत्त्यात राहते कोण, हे पाहू. उल्हासनगरचा वाचक हे लगेच समजेल. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तेथील पत्त्यात कॅम्पचा, बरॅकचा आणि खोलीचा क्रमांक असतो. एका बरॅकीत अनेक खोल्या, अनेक कुटुंबे. आता कल्पना करा की एका खोलीवर वॉरंट आहे आणि पोलिसांकडे फक्त बरॅकीचा क्रमांक आहे. वेबचे नेमके असेच आहे. एका आयपी पत्त्यावर शेकडो संकेतस्थळे नांदू शकतात. बेंजामिन एडलमन यांनी २००३ मध्ये दाखवले होते की तपासलेल्या सक्रिय संकेतनामांपैकी ८७ टक्क्यांहून अधिक नावे आपला आयपी पत्ता दुसऱ्या कोणाशी तरी वाटून घेत होती.

१९/ त्याच वर्षी भारतात त्याचा प्रत्यय आला. सप्टेंबर २००३ मध्ये केंद्र सरकारने मेघालयातील एका बंदी घातलेल्या संघटनेशी निगडित ‘किन्हुन’ हा एकच याहू ग्रूप बंद करण्याचा आदेश दिला. तो एक ग्रूप वेगळा काढण्याची सोय सेवादात्यांकडे नव्हती. म्हणून त्यांनी अख्खे याहू ग्रूप्स अडवले. माजी विद्यार्थी, रुग्णांचे आधारगट, साहित्यचर्चा, सारे एका फटक्यात बंद. एका खोलीसाठी बरॅक सील झाली.

२०/ मग २००६. ११ जुलैला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले आणि दोनशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही दिवसांतच काही मोजकी संकेतस्थळे आणि ब्लॉग बंद करण्याचा आदेश सेवादात्यांकडे गेला. पुन्हा तेच : अनेकांनी संपूर्ण ब्लॉगस्पॉट अडवले. आपत्तीत मुंबईकरांना मदत करण्यासाठी लोकांनी चालवलेले ब्लॉगही त्यात सापडले. ओरड झाल्यावर फक्त यादीतलीच स्थळे अडवा, असे सेवादात्यांना बजावण्यात आले. चूक कोणाची? आदेश देणारा म्हणाला, मी एवढेच सांगितले होते. अडवणारा म्हणाला, यंत्राला एवढेच जमते. यंत्र काही बोलले नाही.

२१/ हा केवळ आपल्याकडचा दोष आहे असे कोणी समजू नये. ऑगस्ट २०२२ मध्ये ऑस्ट्रियात चाचेगिरीच्या काही संकेतस्थळांसाठी क्लाउडफ्लेअरचे ११ आयपी पत्ते अडवण्यात आले आणि त्यांच्या आश्रयाला असलेली असंख्य निरपराध संकेतस्थळे बंद पडली. २००३ ते २०२२, जवळजवळ वीस वर्षे! यंत्रे शतपट वेगवान झाली, चूक जशीच्या तशी राहिली. जी चूक यंत्र बदलूनही बदलत नाही ती यंत्राची नसते. ती नियम लिहिणाऱ्याच्या सवयीची असते.

२२/ आता आपले गाव. २० ऑगस्ट २०२४ रोजी, दोन बालिकांवरील अत्याचाराच्या घटनेनंतर, बदलापूर स्थानकात लोकांनी अनेक तास रेल्वे रोखून धरली. दुसऱ्या दिवशी गावातील इंटरनेट सेवा बंद करण्यात आली. अफवा पसरू नयेत असे कारण सांगण्यात आले. तांत्रिकदृष्ट्या ही पॅकेटनिहाय गाळणी नव्हे, हे मला ठाऊक आहे. तिच्यामागचा विचार मात्र त्याच यादीचा आहे, सर्वांत लहान रूपातला : पत्ता बदलापूर, निर्णय नामंजूर. अफवा पसरवणारा आणि अफवा खोडणारा, दगड उचललेला आणि रुग्णालयाचा क्रमांक शोधणारा, सारे एकाच ओळीत.

२३/ “मग दंगल होऊ द्यायची का?” हा प्रश्न रास्त आहे, त्याला टोलवणार नाही. गाळणी कधीच नको असे मी म्हणत नाही. अभ्यासिकेतही कोणाला तरी थांबवायला हवेच होते. रुग्णालयातील उपचारयंत्रे पाहुण्यांच्या वायफायपासून वेगळी ठेवायलाच हवीत, आणि तेथे पत्त्याचा नियम उत्तम काम करतो, कारण दोन्ही बाजूंचे पत्ते रुग्णालयानेच दिलेले असतात. माझा मुद्दा निराळा आहे. पत्ता हे माणसाचे ओबडधोबड अनुमान आहे. अनुमानाने शिक्षा करायची तर कारण, मुदत आणि दाद मागण्याची जागा, या तीन गोष्टी नियमासोबतच लिहिल्या पाहिजेत.

२४/ हे स्वप्नरंजन नव्हे. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेट बंदीबाबत नेमके हेच सांगितले : आदेश प्रसिद्ध करा, बंदी बेमुदत असू शकत नाही, ती प्रमाणात असावी आणि तिचा ठरावीक काळाने आढावा घ्या. न्यायालयाने राज्यसत्तेला जे सांगितले ते स्विचसमोर बसलेल्या दादालाही लागू आहे. सत्ता लहान असली म्हणून तिची सवय निराळी नसते. बहुतेक माणसांच्या वाट्याला सत्ता येते ती एवढीच : एक पासवर्ड, एक यादी आणि पंचवीस मुले.

२५/ तेव्हा ज्यांच्या हाती स्विच आहे त्यांच्यासाठी, क्रमाने. पहिले : अडवायचे ते नेमके लिहा, नेमके नियम वर ठेवा आणि व्यापक नियम खाली. दुसरे : तळाचा अलिखित नकार गृहीत धरू नका, तो स्वतः लिहा, म्हणजे तो दिसेल. तिसरे : साधी यादी केवळ ‘कोठून’ पाहते, म्हणून ती मुक्कामाजवळ लावतात. विस्तारित यादी उगमाजवळ लावतात. उलट केले तर नको ती वाट बंद होते. चौथे : ज्याला नियम लागणार त्याचा पत्ता आधी स्थिर करून घ्या, भाडेपट्ट्याच्या पत्त्यावर शिक्षा लिहू नका.

२६/ पाचवे : दुरून जोडून नियम लिहीत असाल तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप पुन्हा सुरू होईल अशी वेळ आधी लावा. चुकून स्वतःलाच बाहेर कोंडलेत तर न जतन केलेला नियम पुसला जाईल आणि दार उघडेल. सारे ठीक असेल तर ती वेळ रद्द करा आणि मगच नियम जतन करा. या छोट्या युक्तीत मोठी नीती आहे : नियम करणाऱ्याने स्वतः त्या नियमाखाली उभे राहून पाहावे आणि नियम आपोआप संपेल अशी सोय आधी करावी. सहावे : आपल्या जाळ्यातून खोटा पत्ता बाहेर जाणार नाही हा नियम सर्वांत आधी लावा. ते १७१३ चे कलम आहे. आपण तरी पाळू या.

२७/ आणि सातवे, ज्यासाठी हा धागा लिहिला. नियमयादीत ‘रिमार्क’ नावाची एक ओळ लिहिता येते. सिस्कोच्या स्विचवर तिला शंभर अक्षरांची मर्यादा आहे. स्विच ती ओळ वाचतो आणि सोडून देतो. यंत्राला तिचा काडीचाही उपयोग नाही. ती केवळ माणसासाठी आहे : हा नियम कोणी, केव्हा, कशासाठी लिहिला आणि तो केव्हा काढायचा. त्या अभ्यासिकेच्या यादीत ‘रिमार्क : चित्रपट उतरवणे, शुक्रवारी काढणे’ एवढे असते तर त्या मुलीला धावत जावे लागले नसते.

२८/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. पेशवे दफ्तरातील एखादे दस्तक आपल्याला कोणाला, कोठून कोठे, किती मालासह आणि कोणाच्या सांगण्यावरून सोडले हे सांगते, म्हणून आपण आज त्या काळाशी वाद घालू शकतो. आजच्या नाक्यांचे दफ्तर कोठे आहे? २००६ च्या त्या दिवसांत कोणत्या सेवादात्याने कोणत्या यंत्रावर कोणती ओळ लिहिली, हे उद्याच्या संशोधकाला कोठे सापडणार? नियम काढला की ओळ पुसली जाते. कारण लिहिलेच नव्हते, तेव्हा ते पुसण्याचीही गरज पडत नाही.

२९/ म्हणून ‘पहिली फायरवॉल’ लिहिणाऱ्या मित्रांना विनंती. आपल्या पूर्वजांना आजच्या यंत्रांची बिरुदे लावून ते मोठे होत नाहीत. त्यांनी नाके चालवले, परवाने दिले, निशाणांवरून तह केले आणि मोडले, आणि त्याचे कागद मागे ठेवले. त्या कागदांमुळे आपण त्यांना जाब विचारू शकतो. हा मोठेपणा घ्यायचा असेल तर तो घ्यावा. आणि ‘ही निव्वळ तांत्रिक बाब’ म्हणणाऱ्यांना एकच प्रश्न : तुमच्या यादीतील कोणत्याही एका ओळीचे कारण तुम्ही आत्ता सांगू शकता का?

३०/ त्या मुलीचा अर्ज कॅफेतून वेळेत गेला. दादाने तिची माफी मागितली आणि त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी यादी पुन्हा लिहिली. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर एक रिमार्क. पहिली ओळ आमच्याच दाराची : येथून खोटा पत्ता बाहेर जाणार नाही. धागा आवडला तर पुढे पाठवा. कोठे चूक आढळली तर पुराव्यासह खाली लिहा. दुरुस्ती याच धाग्यात, तारखेसह आणि कारणासह, नोंदवली जाईल.